फणसाची गिटार

बाबांच्या कंपनीला टाळं लागलं, त्याचा पहिला परिणाम आमच्या घरच्या बिरड्यावर झाला. ते एकदम सुबक दिसायला लागलं. तोवर मोड आलेले वाल सोलायचं काम आई आणि मी मिळून करायचो, गप्पा मारत आणि निम्मे वाल मोडत. आता बाबा सोलायला बसू लागले. बाबा तळोज्याच्या बाजूला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. दाबाचे काटे, तापमापक, वजनाच्या यंत्रांचे नाजूक अवयव, जे जे म्हणून मोजणारं असेल ते दुरुस्तीला त्यांच्या टेबलावर यायचं. तोच हात आता वालावर पडला. मोड तुटायचा नाही, फाका सुट्या व्हायच्या नाहीत, सालं एका बाजूला शिस्तीत निजलेली. आई ते ताट हातात घेऊन बघत राहायची आणि म्हणायची, "अहो, हे शिजवायचंय. प्रदर्शनात मांडायचं नाहीये." बाबा हसायचे. पण ते हसणं आईला बरं वाटावं म्हणून हसलेलं असायचं, आणि आईलाही ते कळायचं, आणि आपल्याला कळलं हे ती कळू द्यायची नाही. मी या दोघांच्या मध्ये बसून वाल मोडत असायचो.

आमचं घर पनवेलला वडाळे तळ्याच्या अलीकडे, बैठं, पुढे ओटी आणि मागे पडवी असं होतं. ओटीवर आईचा क्लास चालायचा. तिच्याकडे पाच-सहा मुली गाणं शिकायला यायच्या. तानपुरा चालू असला की आमच्या घरात हळू बोलायची पद्धत होती, आणि तो दुपारी चारपासून चालूच असायचा. आईचा कान ही आमच्या घरातली सगळ्यात महाग वस्तू होती. कुकरची शिट्टी कोणत्या स्वरात होते ते ती सांगायची. हार्मोनियमवर तर तिचा रागच होता. "पेटीतला गंधार हा गंधार नव्हे, गंधाराचा फोटो आहे," असं ती म्हणायची, आणि क्लासमध्ये पेटी ठेवायचीच नाही. मागच्या पडवीत बाबांचं राज्य होतं. तिथे वस्तू आवळून धरणारा एक व्हाइस, कानशींचा संच, हाताने फिरवायचं ड्रिल, डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न आणि दिवसभर कुरकुरणारं एक स्टूल. बाबांना सुरांतलं काही म्हणजे काही कळत नसे. लग्नानंतर पहिल्यांदा आईचं गाणं ऐकून त्यांनी "आवाज स्वच्छ आहे" असा अभिप्राय दिला होता, तो त्यांनी पुढे कधी बदलला नाही.

कंपनी बंद झाल्यावरही बाबा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कंपनीची बस यायच्या वेळेला नाक्यावर जायचे आणि थोड्या वेळाने कोथिंबिरीची जुडी घेऊन परत यायचे. आमच्याकडे त्या दिवसांत फार कोथिंबीर खाल्ली गेली. आई त्यांच्याशी, पाहुण्यांशी बोलावं तशी बोलायची. चहा पुढे करताना "घेताय ना?" म्हणायची. बाबा "हो, हो, घेतो ना," म्हणायचे. घरात आजारी माणूस असावा आणि आजाराचं नाव कुणी घेऊ नये, तसं चाललं होतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि कपाळावर येणारी केसांची झुलपं सोडली तर माझ्याकडे स्वतःचं असं काही नव्हतं.

गिटारचा विषय मी काढला, असं घरात मानतात. मी तो काढला नव्हता. मी जेवताना एवढंच म्हटलं होतं की, आमच्या मित्राकडे गिटार आहे, पण ती साधी आहे, इलेक्ट्रिक असती तर काही मजा होती. हे वाक्य मी ज्या प्रकारे म्हटलं त्या प्रकारे माणूस 'काश्मीरला जायला पाहिजे एकदा' असं म्हणतो. त्यात कोणी तिकीट काढायला उठत नाही. पण बाबांचा घास हातात थांबला. "इलेक्ट्रिक म्हणजे कसं काम करते ती?" त्यांनी विचारलं. मला काय माहीत. मी म्हणालो, "लोहचुंबक असतो बहुतेक. आणि कॉईल." बाबांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि म्हणाले, "एवढंच ना?"

त्या "एवढंच ना" नंतर माझ्या हातात काही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कोथिंबीर आली नाही. बाबा नेऱ्याला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे गेले होते. त्या सहकाऱ्याच्या वाडीत पडलेल्या फणसाच्या फळ्या गोठ्याच्या माळ्यावर वर्षानुवर्षं वाळत होत्या. संध्याकाळी ते टेम्पोतून उतरले ते खांद्यावर फळी घेऊनच. फणसाचं लाकूड आतून हळदीसारखं पिवळं असतं. पुढचे काही महिने आमच्या घरात सगळंच पिवळं होतं. पडवीतला भुसा स्वयंपाकघरात यायचा, गादीत जायचा, आईच्या तानपुऱ्याच्या भोपळ्यावर बसायचा. मुलींपैकी एक शिंकायची आणि तान मोडायची. आई काही म्हणायची नाही. पडवीतून कानशीचा आवाज यायला लागल्यापासून ती गाणं शिकवताना मधूनच डोळे मिटून हसायची. त्या खरखरीच्या आवाजाला ती बेसूर म्हणाली नाही, याची मी नोंद घेतली होती.

गिटार बाबांनी नेमकी कशी बनवली ते मी नीट सांगू शकत नाही, कारण मी तिथे मुख्यतः टॉर्च धरण्याच्या हुद्द्यावर होतो. लोडशेडिंग रोजचं होतं. टॉर्च मी बाबांना पाहिजे तिथे सोडून इतर सगळीकडे धरायचो. इतकं आठवतं की पोटाचा आकार त्यांनी एका मासिकातल्या फोटोवरून पुठ्ठ्यावर मोठा करून काढला होता. दांडी सागाची होती. तारा पिळायच्या खुंट्या आणि तारा गिरगावातल्या दुकानातून आणल्या. फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या ज्या आडव्या पट्ट्यांवर बोटं दाबतात त्या, बाबांनी पितळेची तार ठोकून चपटी करून स्वतः केल्या. पिकअपसाठी, म्हणजे तारांखाली बसणाऱ्या चुंबकाच्या कॉईलसाठी लागणारी बारीक तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून आली, आणि ती गुंडाळण्यासाठी आईचं शिवणयंत्र पडवीत गेलं. शिवणयंत्राला बॉबिन भरायचं जे चाक असतं त्यावर बाबांनी चुंबक बसवला. आई पायाने यंत्र चालवायची आणि बाबा दोन बोटांतून ती केसासारखी तार सोडायचे. तार तुटली की दोघं एकमेकांकडे बघायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मी टॉर्च धरून उभा राहायचो आणि मला अगदी कळायचं की आता या घरात गिटार नको असं म्हणायचा अधिकार मला उरलेला नाही.

त्यात पांडूशेठ आले. हे गव्हाणचे. त्यांची बेंजो पार्टी होती. हळदीला, साखरपुड्याला, गणपतीला गव्हाणपासून उरणपर्यंत त्यांचं नाव होतं. त्यांचा ॲम्प्लिफायर बिघडला की ते बाबांकडे आणायचे. त्या दिवशी ॲम्प्लिफायर खाली ठेवून ते पडवीत उभे राहिले आणि व्हाइसमध्ये अडकवलेल्या त्या पिवळ्याधमक वस्तूकडे बघत राहिले.

"साहेब, ही काय गिटार हाय?"

"होणार आहे," बाबा म्हणाले.

"तुमी बनवली? सोताच्या हातानी?" त्यांनी तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. "आयला. लोण्यासारकी हाय. साहेब, ही वाजली ना बरोबर, तं मला सांगा. आता सगल्यांना गिटार पायजे. नुस्ता बेंजो कोण ऐकत नाय. पोरं बोलतात ऑर्केस्ट्रा करा. तयार गिटार आणायची तं मुंबईला जावा, तिथं ते दुकानदार आपल्याला उभं पण करत नाय. तुमी बनवा. आमच्या पट्ट्यात जेवढ्या पार्ट्या हायेत तेवढ्यांना मी सांगतो."

पांडूशेठ गेल्यावर बाबा बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. मग आत येऊन आईला म्हणाले, "ऐकलंस का? पडवी थोडी वाढवावी लागेल." आई पोळ्या लाटत होती. ती लाटणं तसंच धरून म्हणाली, "वाढवू की." एवढंच. पण त्या दिवसापासून गिटार माझी राहिली नाही. ती बाबांची नोकरी झाली. माझं काम फक्त ती वाजवून दाखवायचं, आणि मला त्या वेळी तीन कॉर्ड यायच्या, त्यातली एक संशयास्पद होती.

आता अडलं ते फ्रेटच्या जागांवर. दांडीवर या पट्ट्या नेमक्या किती अंतराने बसवायच्या? त्या एकसारख्या अंतरावर नसतात, वर जावं तशा जवळ येत जातात, एवढं फोटोत दिसत होतं. मी म्हणालो, मित्राची गिटार आणतो, मोजून घेऊ. बाबांना ते पटलं नाही. "तिची दांडी वेगळी, आपली वेगळी. आणि त्याने चुकीची बसवली असली तर? नक्कल कशाला करायची? घरात एवढं मोठं यंत्र असताना." हे यंत्र म्हणजे आई.

त्या संध्याकाळी क्लास सुटल्यावर आई तानपुरा घेऊन पडवीत आली. फणसाच्या भुशात चटई टाकून बसली. मधली एक तार तिच्या षड्जात लावून घेतली. मी तार छेडायची, बाबांनी तारेखाली एक गोल सळई सरकवत न्यायची, आणि आईने ऐकायचं. "पुढे. अजून. अहो, एवढं नाही, केसभर. आता मागे. मागे... थांबा." ती "थांबा" म्हणाली की बाबा श्वाससुद्धा थांबवायचे आणि सुईने लाकडावर खूण करायचे. कोमल रिषभ. रिषभ. कोमल गंधाराला फार वेळ गेला. शुद्ध गंधाराला तर त्याहून जास्त. आई डोळे मिटून म्हणायची, "जवळ आलाय, पण अजून परका आहे." बाबांना त्या दोन आवाजांत कणभर फरक ऐकू येत नव्हता, पण ते ज्या विश्वासाने सळई सरकवत होते तो विश्वास मी त्यांना देवळातही दाखवताना पाहिला नाही. गंधार लागला तेव्हा मलाही कळलं. तानपुऱ्याच्या आवाजात तो असा मिसळला की सळई, तार, लाकूड काही वेगळं राहिलं नाही. आई म्हणाली, "हां." बाबा म्हणाले, "लागला?" आई म्हणाली, "लागला हो." आणि दोघंही दमल्यासारखे हसले. तव्यावर काहीही नव्हतं, भात लावायचा राहून गेला होता. आम्ही त्या दिवशी पोहे खाल्ले आणि मला वाटतं आमच्या घरातली ती सगळ्यात चांगली पोह्यांची संध्याकाळ होती.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला पाहिजे. ती मला माझ्या भाच्याने अलीकडे सांगितली, दात घासता घासता, जणू काही ती सगळ्या जगाला माहीत असतेच. गिटारवर फ्रेटची प्रत्येक पट्टी सहाही तारांखालून जाते. ती एका तारेसाठी अगदी खरी बसवली की बाकीच्या पाच जणींसाठी थोडी थोडी खोटी होते. म्हणून गिटार बनवणारे ती कोणासाठीच पूर्ण खरी ठेवत नाहीत. सगळ्यांना चालेल इतपत प्रत्येक सूर जरा जरा चुकवतात, आणि किती चुकवायचा त्याचं गणित ठरलेलं आहे. दुसऱ्या कुठल्या घरात कोणी बिनकानाचा माणूस फूटपट्टी घेऊन बसला असता तर कदाचित त्याला ते गणित सापडलं असतं. आमच्याकडे आई होती. आम्ही सगळे सूर अगदी खरे लावले, एका तारेवर, तिच्या षड्जात.

सुईच्या खुणांवर बाबांनी करवतीने खाचा पाडल्या, त्यांत पट्ट्या ठोकल्या, गिटार तयार झाली आणि मी ती वाजवू लागलो. ॲम्प्लिफायर म्हणून आमचा जुना रेडिओ होता. एकेक तार छेडली की इतकी गोड वाजायची की क्लासच्या मुली दारात येऊन उभ्या राहायच्या. मग मी कॉर्ड वाजवायचो, म्हणजे सगळ्या तारा एकदम, आणि मुली परत जायच्या. आई कपाळाला हलकी आठी घालून म्हणायची, "सराव कर रे." बाबा म्हणायचे, "वाद्य नवीन आहे, हात बसू दे त्याचा." माझंही तेच मत होतं. मी वाजवलेलं वाईट ऐकू येतं यात मला संशय घेण्यासारखं काही दिसलं नाही. ते वाईट ऐकू आलं नसतं तर मी घाबरलो असतो. माझ्या बोटांबद्दल घरात इतकं एकमत होतं की गिटारकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

पांडूशेठनी रविवारी दुपारी बोलावलं. बाबांनी कंपनीत जाताना घालायचे तो शर्ट घातला आणि खिशात त्यांची स्टीलची पट्टी अडकवली. आई सहसा असल्या ठिकाणी आली नसती, पण ती म्हणाली, "मला ऐकायचंय ती मोठ्या आवाजात कशी वाटते," आणि तिने चांगली साडी नेसली. गिटारला पेटी नव्हती. ती आम्ही गादीवरच्या चादरीत गुंडाळून एसटीने नेली, आणि शेजारच्या एका आजींनी सगळा प्रवास तिला लहान मूल समजून माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं.

पांडूशेठच्या अंगणात मांडव होता, एका बाजूला सुकट वाळत होती, आणि पार्टीची पोरं ढोल-ताशे आवळत बसली होती. आधी जेवण झालंच पाहिजे असा त्यांच्या बायकोचा हुकूम होता. तांदळाच्या भाकऱ्या आणि चिंबोऱ्यांचं कालवण. बाबांना चिंबोरी फार आवडायची. त्या दिवशी त्यांनी एक नांगी घेतली आणि ती फोडायची विसरून हातात धरून बसले. पांडूशेठ म्हणाले, "वयनी, साहेबांना भीती वाटते का काय? पोरीला बगायला आल्यासारके बसलेत." सगळे हसले. बाबाही हसले.

मग मोठ्या ॲम्प्लिफायरला वायर जोडली. पांडूशेठ मला म्हणाले, "वाजव, बाला." मी वाजवलं. ढोलवाल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला फारसं येत नाही," आणि हे त्यांना लगेच पटलं. पांडूशेठनी त्यांच्या पार्टीत नव्यानेच गिटार वाजवू लागलेल्या दिनेशला बोलावलं. दिनेशची स्वतःची एक जुनी, तडा गेलेली गिटार होती. ती खाली ठेवून त्याने आमची घेतली. हाताला वजन जोखलं, दांडीवरून तळवा फिरवला आणि बाबांकडे बघून मान हलवली. आधी त्याने एका तारेवर कोळीगीताची चाल वाजवली. ती फणसाची गिटार अशी बोलली की सुकट उलटणारी बाई हात थांबवून वळली. आईने माझा दंड धरला. बाबांनी नांगी खाली ठेवली.

मग दिनेशने कॉर्ड वाजवली. मला तो आवाज ओळखीचा होता. मला वाटलं होतं तो माझा आवाज आहे.

दिनेशने तारा पुन्हा पिळल्या, पुन्हा वाजवलं. पुन्हा पिळल्या. "शेठ, ही लागत नाय," तो म्हणाला. "एकेक तार वाजवा, तं गोड. सगल्या मिलून वाजवल्या का जावा-जावा भांडतात. इथली लावली का तिथली उतरते."

"मंग असं का व्हतंय?"

"मला काय म्हायती. पण लागत नाय."

मी आईकडे पाहिलं. ती अंगणात उभी होती, पण चेहरा असा होता की ती तिथे नव्हतीच. त्या कॉर्डमधला प्रत्येक सूर ती वेगळा करून ऐकत होती, आणि कोणता सूर कुठे आणि का भांडतो हे त्या अंगणात फक्त तिला कळलं होतं. तिच्या खऱ्या गंधारापर्यंत ती पोचली असणार.  

बाबांना ऐकू काहीच आलं नव्हतं. पण कोणी एखादं यंत्र बरोबर चालत नाही म्हटलं की काय करायचं हे त्यांना माहीत होतं. ते दिनेशला म्हणाले, "जरा तुमची बघू." त्याची तडकलेली गिटार त्यांनी मांडीवर आडवी घेतली आणि खिशातली स्टीलची पट्टी काढून तिच्या दांडीवर ठेवली. एकेक अंतर बघितलं. मग आमची घेतली. तिच्यावर पट्टी ठेवली. एका फ्रेटशी थांबले, परत दिनेशच्या गिटारीवर गेले, परत आमच्या.  आयुष्यभर चुकणारे काटे दुरुस्त केलेल्या माणसाला दोन दांड्यांतला फरक दिसायला किती वेळ लागणार. त्यांना तो दिसला. तो खाचेत नव्हता. खाचा सुईच्या खुणेवर अगदी नेमक्या बसल्या होत्या. फरक खुणांतच होता. त्यांनी मान वर केली आणि क्षणभर आईकडे पाहिलं. मग पट्टी खिशाला अडकवली.

"माझी चूक आहे," ते पांडूशेठना म्हणाले. "खाचा पाडताना करवत सरकली माझी. काही ठिकाणी."

आई म्हणाली, "नाही, ते तसं—"

"अगं, गाडी चुकेल," बाबा म्हणाले.

पांडूशेठ चांगला माणूस. ते म्हणाले, "व्हतं, साहेब. हात हाय, मशीन थोडीच हाय. काम तं एक नंबर हाय तुमचं." मग थोडं थांबून, दुसरीकडे बघत, "या वरसाला आमी मुंबईची तयारच घेतो. लगीनसराई तोंडावर आली ना. पुढच्या सिझनला बगू." त्यांनी आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला एक पोरगा दिला आणि भाकऱ्या बांधून दिल्या. ज्याची करवत सरकते त्याच्याकडे कोण गिटार करायला टाकणार? मी त्यांच्या जागी असतो तरी टाकली नसती. बाबांनी खुणा चुकल्या असं म्हटलं असतं, आता अंतरं कळली, पंधरा दिवसांत दुसरी आणून दाखवतो असं म्हटलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती. हे मला तिथे अंगणात उभ्या उभ्या कळत होतं. मी चादर उलगडली आणि गिटार गुंडाळायला लागलो.

पुढचंही सांगून टाकतो, म्हणजे कोणाला चुटपुट नको. कंपनीचं टाळं उघडलं नाही. पुढच्या सिझनला पांडूशेठ आले ते ॲम्प्लिफायर घेऊनच, आणि गिटारचा विषय कोणी काढला नाही. पडवी वाढली नाही. वर्षभराने बाबांना जासईकडे एका कंटेनर यार्डात वजनकाट्यांची देखभाल करायचं काम मिळालं, ते त्यांनी थकेपर्यंत केलं. गिटार आमच्याकडेच आहे. तिच्या पट्ट्या कोणी बदलल्या नाहीत. मी आजही ती कधी कधी काढतो आणि एका तारेवर वाजवतो. माझे केस गेले, बोटं तशीच आहेत.

पण मला सांगायचं होतं ते फाट्यावरचं. आम्ही तिघं एसटीची वाट बघत उभे होतो. बंदराकडे जाणारे ट्रेलर धूळ उडवत चालले होते.  आई समोर बघतच म्हणाली, "करवत सरकली?"

"सरकली," बाबा म्हणाले.

"तुमची."

"का? माझी सरकू नये?"

"खुणा मी केल्या होत्या."

"खाचा मी पाडल्या."

"खुणेवरच पाडल्यात ना? मी बघितल्यात त्या खाचा. केसभर इकडे-तिकडे नाहीत."

"मग खुणा तपासायचं काम कोणाचं होतं? हा म्हणत होता मित्राची गिटार आणतो, मोजून घेऊ. मी नको म्हटलं. मी."

"मी 'थांबा' म्हटल्यावर तुम्ही थांबलात. यात तुमची काय चूक?"

"सुलभा, तू मध्ये पडू नकोस."

"मीच मध्ये पडलेय. सगळं माझ्याच कानामुळे झालंय आणि मी मध्ये पडू नको?" आईचा आवाज चढला. फाट्यावरच्या टपरीवाल्याने वाकून बघितलं. आई माझ्याकडे वळली. "तू सांग रे यांना. तू होतास ना तिथे टॉर्च धरून?"

बाबाही माझ्याकडे वळले. "हो, सांग. सांग हिला."

 दोघंही बरोबर होते, आणि दोघंही दुसऱ्याला चूक पत्करू देत नव्हते. तेवढ्यात गाडी आली. आम्ही चढलो, आणि भांडण आमच्या आधी चढलं. आई खिडकीशी बसली, बाबा तिच्या शेजारी, मी समोरच्या बाकावर गिटार मांडीवर घेऊन उलटा वळून. गाडीच्या खडखडाटात बाबांना ओरडूनच बोलावं लागलं.

"मग काय सांगायला पाहिजे होतं मी त्या माणसाला? चारचौघांत? की माझ्या बायकोचा कान फार चांगला आहे, म्हणून गिटार वाजत नाही?"

मागचा-पुढचा सगळा बाक ऐकत होता. आईने पदराने चेहऱ्यावरची धूळ पुसली आणि बराच वेळ ती पुसतच राहिली.

"हो," ती म्हणाली. "तसंच सांगायचं. तुम्हाला काम मिळालं असतं."

 कंडक्टर येऊन उभा राहिला आणि पंच टकटक वाजवत म्हणाला, "कुठे?" दोघांपैकी कोणीच त्याच्याकडे बघेना. त्याने मला विचारलं. माझे दोन्ही हात चादरीत गुंतलेले होते आणि खिशात काही नव्हतं. मी म्हणालो, "पनवेल. तिघं एकत्र आहोत. जरा थांबा, साहेब, ते देतील."